काळा, तांबडा, हिरवट, करडा: विजापूर–बदामी–लक्कुंडी–हंपी

आमची कुलदेवी बदामीची बनशंकरी. दिवाळी झाल्यावर सासूबाईंना दर्शनाला न्यायचं ठरलं. बदामीपर्यंत जायचं तर हंपी तरी कशाला सोडायची, म्हणून सहल लांबली. सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. ते येतो म्हणाले तेव्हाच ही सहल देवळांची कमी नि दगडांची जास्त होणार हे कळून चुकलं. लेक सहावीत आहे. अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित हे खडकांचे प्रकार तिला तोंडपाठ. मामांनी गाडीत बसताबसता तिच्या हातात भिंग दिलं. "व्याख्या विसर आता. हंपीपर्यंत तिन्ही हाताला लागतील."

शनिवार: पुणे ते विजापूर

सोलापूरपर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सरळ आणि रटाळ. पण मामांच्या मते हा सगळा पट्टा एकाच दगडावरून, काळ्या कातळावरून म्हणजे बेसॉल्टवरून जातो, आणि तो दगड कसा झाला हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उलली आणि त्यातून लाव्हा वर आला. शंकूच्या आकाराचा, टोकातून धूर सोडणारा ज्वालामुखी आपण चित्रात पाहतो, तसा प्रकार नव्हे. पातळ लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुढचा आला. असे थरावर थर चढत सह्याद्रीच्या बाजूला जाडी दोन किलोमीटरच्या घरात गेली. झिजून झिजून आज जे उरलंय तेच ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. दोन थरांच्या मध्ये कधी मोठा खंड पडला तर खालच्या थराची माती व्हायला वेळ मिळायचा, आणि वरून आलेला लाव्हा ती भाजून काढायचा. सह्याद्रीच्या घाटांत काळ्या कड्यातून मध्येच तांबडी रेघ आडवी जाते, ती ही.

विजापुरात दुपारी पोचलो. गोलघुमट सगळे पाहतात, आम्हीही पाहिला. बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट आणि खाली मुहम्मद आदिलशहाची कबर. पण मला जास्त आवडली ती बाराकमान. अर्धवट राहिलेली, छप्पर नसलेली, नुसत्या काळ्या कमानी. गिलावा नसल्यामुळे दगड थेट हाताला लागतो. लेकीनं भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि वैतागून म्हणाली, "मामाआजोबा, यात काहीच दिसत नाही."

"तेच तर उत्तर आहे," मामा म्हणाले. "लाव्हा उघड्यावर आला की भराभर थंड होतो. स्फटिकांना वाढायला सवडच मिळत नाही. साखरेचा पाक घाईनं घोटला की बारीक रवा पडतो, तोच दोरा सोडून महिनाभर राहू दिला तर खडीसाखर. इथं रवा आहे. खडीसाखर हंपीत दाखवतो."

काही चिऱ्यांत मात्र पांढरे ठिपके होते. लाव्ह्यात अडकलेल्या वाफेचे हे बुडबुडे. नंतर पाणी झिरपत राहिलं आणि त्यातली खनिजं त्या पोकळ्यांत बसली. लेकीला अखेर काहीतरी दिसलं, त्यामुळे वातावरण निवळलं.

रात्री एका खानावळीत ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि एण्णेगाई म्हणजे त्यांची भरली वांगी. भाकरी इतकी पातळ की सासूबाईंनी करणाऱ्या बाईंना बाहेर बोलावून हात पाहिले.

(गोलघुमटाच्या सज्ज्यातले प्रतिध्वनी ऐकायचे असतील तर सकाळी उघडताना जा. शाळांच्या सहली आल्या की वर फक्त किंचाळ्या ऐकू येतात.)

रविवार: कोल्हार, बागलकोट, बनशंकरी

कोल्हारला थांबलंच पाहिजे. मातीच्या मडक्यातलं दही. मडकं उपडं करून दाखवतात, दही जागचं हलत नाही. आम्ही दोन मडकी घेतली, एक गाडीतच संपलं.

कृष्णा ओलांडल्यावर जमिनीचा रंग बदलायला लागतो. काळी माती विरळ होते, तांबूस, पिवळट दिसू लागते. शेताच्या बांधावरचे दगड बदलतात, घरांच्या भिंती बदलतात. आपल्या काळ्या कातळाची चादर इथं संपते आणि तिच्याखाली इतके दिवस झाकलेलं जुनं जग वर येतं. दक्षिणेकडे जाणं म्हणजे वेळेत मागे जाणं, असं मामा म्हणाले. आधी मला ते वाक्य भाषणातलं वाटलं, पण विजापूर, बदामी, लक्कुंडी असा दगड जुनाच होत गेला.

बागलकोटच्या अलीकडे रस्त्याकडेला फरश्यांचे ढीग दिसले. मामांनी गाडी थांबवायला लावली. एक टाकाऊ तुकडा घेतला, चाकूनं खरवडून थोडी भुकटी काढली आणि वर लिंबू पिळलं. भुकटीवर बारीक फेस आला. कानाजवळ नेलं तर चुरचुर ऐकू येत होती. हा चुनखडक. उथळ समुद्राच्या तळाशी पाण्यातला चुना साकळत गेला की तो तयार होतो. आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच हा फेस.

सासूबाईंना एकदम आठवलं. "म्हणून आपल्या जुन्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचे पांढरे डाग पडायचे होय रे?"

अगदी तेच. कडप्पा चुनखडक, शहाबादी फरशीही चुनखडक. पुढे बराच वेळ गाडीत घरातल्या दगडांची मोजदाद चालली. पाटा-वरवंटा आणि जातं आपल्या काळ्या कातळाचं. देवघराखालचा संगमरवर म्हणजे चुनखडकच, पण जमिनीत खोल गाडला जाऊन उष्णतेनं आणि दाबानं नव्यानं स्फटिक धरलेला. एका स्वयंपाकघरात तिन्ही प्रकार सापडतात म्हटल्यावर सहल काढायची गरज होती का, असा प्रश्न आमच्या ह्यांनी विचारला. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

बनशंकरीचं दर्शन निवांत झालं. पौषात जत्रा असते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. देवळाबाहेर बायका डोक्यावर टोपल्या घेऊन फिरतात. त्यांच्यापाशी भाकरी, चटण्या, दही, उसळ सगळं मिळतं. झाडाखाली बसायचं, त्या वाढतात. आमच्या बाईंना मराठी येत नव्हतं नि सासूबाईंना कानडी, तरी लसणाच्या चटणीची कृती पूर्ण झाली.

संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. छत्र्या अर्थातच घरी.

सोमवार: बदामी

त्या पावसानं आमचं भलं केलं. एरवी पावसाळ्यापुरताच दिसणारा अक्का-तंगी धबधबा सकाळी सुरू होता. तळ्याच्या टोकाला तांबड्या कड्यावरून दोन बारीक धारा पडत होत्या. ओल्या कड्याचे रंगही उघडले होते. विटकरी, जांभळट, मध्येच पिवळा.

लेण्यांकडे चढताना पायऱ्यांच्या कडेला पावसानं वाहून आणलेली ताजी वाळू साचली होती. मामा तिथंच उकिडवे बसले. वाळूच्या पृष्ठभागावर बोटभर अंतरानं लाटा उमटल्या होत्या. "आता वर बघा." शेजारच्या कातळाच्या एका सपाट तुकड्यावर तशाच लाटा, तेवढ्याच अंतरानं, पण दगडात. खालची कालची, वरची प्राणी जन्मायच्याही आधीची. या दगडात शंखशिंपले सापडत नाहीत ते त्यामुळेच. मला वाटतं संपूर्ण सहलीत मी सर्वांत जास्त वेळ त्या दोन हातभर जागेपाशी घालवला. माकडानं तेवढ्यात बिस्किटांचा पुडा पळवला.

वाळूचा दगड म्हणजे आणखी जुन्या डोंगरांची झीज. नद्यांनी ते कण वाहून आणले. वाटेत मऊ खनिजं कुटून, कुजून गेली आणि शेवटी टिकली ती बहुतेक गारगोटी. भिंगातून कण वेगवेगळे दिसतात, गोलसर, काचेचे.

"पण वाळू चिकटली कशानं?" सासूबाईंनी विचारलं. "समुद्रावरची तर चिकटत नाही."

"ताई, तिला अजून कोणी गाडलेलं नाही. वरून शेकडो फूट गाळ चढू दे, कण एकमेकांत रुतू दे, आणि फटींतून सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, विरघळलेलं पाणी लाखो वर्षं फिरू दे. ती सिलिका कणांच्या मध्ये बसते. झाली गच्च. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा."

कड्याकडे थोडं लांबून पाहिलं की आडवे थर दिसतात. जवळून पाहिलं तर एकेका थराच्या पोटात तिरप्या रेघा. पाण्याखालची वाळूची रास प्रवाहाच्या दिशेनं पुढे सरकते तेव्हा तिच्या उतारावर कण घरंगळून बसतात, त्या उताराच्या या खुणा. रेघा जिकडे कलतात तिकडे नदी वाहत होती. लेकीनं त्यावरून तीन ठिकाणी नदीची दिशा काढली, तिन्ही बऱ्यापैकी जुळल्या.

लेणी चार. पहिल्यात अठरा हातांचा नटराज. तिसरं सर्वांत देखणं, तिथं चालुक्य मंगलेशाचा शके ५०० म्हणजे इ.स. ५७८ चा लेख आहे. काही खांबांवरून, मूर्तींवरून दगडाचे फिकट-गडद पट्टे वाहत गेलेत. कारागिरानं ते लपवायचा प्रयत्न केलेला नाही. उलट काही ठिकाणी मला ते वस्त्राचे काठ वाटले. दगड थरांचा असल्यामुळे छताला सपाट पातळी आयती मिळाली असणार, असं मामांचं म्हणणं. अजिंठा-वेरूळच्या कातळात अशी सोय नाही.

(तिरप्या रेघा पाहायला सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. डोक्यावर ऊन आलं की भिंत सपाट दिसते. खाऊची पिशवी हातात उघडी नको. आणि दगड फोडायचा, खरवडायचा विचार लेण्यांच्या परिसरात मनातही आणू नका. संरक्षित स्मारक आहे.)

मंगळवार: पट्टदकल आणि ऐहोळे

दोन्ही एका दिवसात होतात. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर दुसऱ्या विक्रमादित्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, कांचीच्या विजयाप्रीत्यर्थ आठव्या शतकात बांधवलं. वेरूळच्या कैलासाशी त्याचं नातं अभ्यासक सांगतात. मला मात्र तिथं फरक जास्त दिसला. इथं दगड रचत वर गेलेत, वेरूळला कोरत खाली आलेत.

ऐहोळ्याला गर्दी दुर्ग मंदिरापाशी असते. तुम्ही मेगुतीच्या टेकडीवर चढा. इ.स. ६३४ चा रविकीर्तीचा लेख तिथं आहे, दुसऱ्या पुलकेशीची स्तुती करणारा. पण देवळाच्या मागे गेलात तर त्याहून कितीतरी जुनी, माणसांना पुरलेली दगडी थडगी दिसतील. चार उभ्या शिळा, वर एक आडवी. खडक थराथरानंच सुटत असल्यामुळे भल्यामोठ्या पट्ट्या पहार लावून निघत. पुढे त्याच पट्ट्या चालुक्यांनी देवळांवर छप्पर म्हणून घातल्या.

परतताना अमीनगडचा करदंट घेतला. डिंक, गूळ आणि सुकामेवा. उरला तर प्रवासात उपयोगी पडतो म्हणतात. आमचा उरला नाही.

बुधवार: लक्कुंडी

गदगच्या पुढे बारा किलोमीटरवरचं हे गाव बहुतेक लोक हंपीच्या घाईत ओलांडून जातात. माझ्या मते संपूर्ण सहलीतलं सर्वांत कमी नावाजलेलं आणि सर्वांत सरस ठिकाण.

काशीविश्वेश्वराच्या दाराची चौकट पाहा. वेलींची ओळ, तिच्या आत दुसरी ओळ, तिच्या आत नाचणाऱ्या आकृत्या, प्रत्येक बोटाच्या पेराएवढी. खांब चरकावर फिरवून काढलेले, त्यांच्या कंगोऱ्यांची धार अजून बोटाला जाणवते. बदामीतले कलावंत कमी नव्हते. पण वाळूच्या दगडात एवढं बारीक काढायला गेलं तर कण गळतात. अकराव्या शतकापासून इकडे हिरवट काळा दगड वापरात आला आणि देवळांची तऱ्हाच बदलली. चिरे लहान झाले, नक्षी दाट झाली. अत्तिमब्बेनं १००७ साली उभारलेलं ब्रह्मजिनालय इथंच आहे. कुठल्या घराण्यानं बांधलं हे पाटीवर असतं. दगडानं काय करू दिलं हे कुठल्याच पाटीवर नसतं, आणि मला आता तेच आधी पाहावंसं वाटतं.

गावाबाहेर शेताच्या कडेला मामांना त्याच जातीचा एक तुकडा मिळाला. चाकूचं टोक सहज रुतलं. हाताला गुळगुळीत, थोडा तेलकट. उन्हात तिरपा धरला तर बारीक पापुद्रे एकाच दिशेनं चमकतात.

"हा मुळात कोण होता माहितीये? बहुतेक लाव्हाच. आपल्या पुण्याच्या कातळाचा फार जुना भाऊबंद, अडीच अब्ज वर्षांपेक्षा जुना. समुद्राच्या तळाशी ओतला गेला, मग खोल गाडला गेला, दोन्हीकडून चेपला गेला, तापला, पाणी मुरलं. जुनी खनिजं मोडली, क्लोराइटसारखी चपटी खनिजं जन्मली आणि दाब ज्या दिशेनं आला तिच्या आडवी झोपली."

"वितळला का?" लेक.

"नाही. वितळला असता तर पुन्हा अग्निजन्य झाला असता. घन असतानाच बदलला, म्हणून रूपांतरित."

व्याख्या विसर म्हणणाऱ्या मामांनी शेवटी व्याख्या सांगितलीच. गदगला येऊन गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. गिरमिट म्हणजे कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात कालवलेले चुरमुरे. गाड्यावरचंच खा, हॉटेलातलं मऊ पडतं.

गुरुवार, शुक्रवार: हंपी

हंपीबद्दल इतकं लिहिलं गेलंय की देवळांची यादी देत नाही. आम्ही कमलापूरला राहिलो, होस्पेटपेक्षा जवळ आणि शांत.

पहाटे मातंग टेकडी चढलो. उजाडलं तेव्हा चहूबाजूंना नुसते धोंडे. घराएवढे, एकावर एक, काही इतक्या अवघड जागी टेकलेले की श्वास धरून बघावं. वाली-सुग्रीवाच्या लढाईत फेकलेले हे दगड, असं इथले लोक सांगतात. खरं म्हणजे कोणी रचले नाहीत नि फेकलेही नाहीत. ते जागच्या जागी मोकळे झालेत. हा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली काही किलोमीटर खोल, बाहेर न येताच, सावकाश निवला. वरचा डोंगर झिजत गेला, ओझं उतरलं तसा तो उभा-आडवा तडकला. तड्यांतून पाणी शिरलं. पाण्यानं त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची माती होते, आणि कोपऱ्यांना दोन-तीन बाजूंनी पाणी लागत असल्यामुळे कोपरे आधी कुजतात. चौकोनी ठोकळ्याचा गोल धोंडा होतो. पुढे पावसानं माती धुवून नेली आणि धोंडे राहिले.

इथं भिंग लागलंच नाही. गुलाबी फेल्डस्पार, करडी काचेरी गारगोटी, काळा अभ्रक, सगळं नुसत्या डोळ्यांना दिसतं. "खडीसाखर!" लेक ओरडली.

धोंड्यांवर जागोजागी चौकोनी भोकांची रांग दिसते. विजयनगरच्या पाथरवटांच्या पाचरांच्या खुणा. काही ठिकाणी रांग पाडली, पण दगड फुटलाच नाही, तो तसाच राहिलाय. दुसऱ्या दिवशी कमलापूरच्या बाहेर एक पाथरवट काम करताना दिसला. मोडक्या हिंदीत बोलणं झालं. त्यानं आधी सुतकीनं दगडावर चार ठिकाणी ठोकलं. खणखणीत वाजला तर आत चीर नाही, बद्द वाजला तर सोडून द्यायचा. मग रेघ मारली, वीतभर अंतरानं भोकं पाडली, पाचरी बसवल्या आणि एकेकीवर क्रमानं घाव. चार-पाच फेऱ्यांनंतर तो थांबला. बिडी पेटवली. आम्ही विचारणार तेवढ्यात दगडातून बारीक कट्ट असा आवाज आला आणि रेघेवर केसाएवढी चीर उमटली. "अब अपने आप जाएगा," तो म्हणाला. दगडाला कुठून फुटायला आवडतं ते बापानं शिकवलं, असंही म्हणाला. मामांनी त्याला वाकून नमस्कार केला. मामा सहसा कोणाला करत नाहीत.

हे पाहिल्यावर विठ्ठल मंदिराचे खांब वेगळेच दिसतात. एका ग्रॅनाइटच्या शिळेत इतके बारीक खांब सुटे करायचे म्हणजे काय, ते कळतं. गोपुरांचे वरचे मजले विटा-चुन्याचे का, तेही कळतं. हजारराम मंदिरात मध्यभागी काळे, झिलईदार कोरीव खांब आहेत. नाजूक काम हवं तिथं विजयनगरच्या लोकांनीही ग्रॅनाइट बाजूला ठेवला. १५२८ सालचा उग्रनरसिंह मात्र एकाच धोंड्यातला, ६.७ मीटर उंच.

(विठ्ठल मंदिराला शेवटचा टप्पा विजेवरच्या गाड्या असतात, पण सकाळी लवकर पायी गेलात तर नदीकाठचा रस्ता जास्त छान. वाजणारे खांब वाजवायला मनाई आहे, गाइडनं आग्रह केला तरी वाजवू नका. पाणी बरोबर ठेवा, कारण दुपारी कातळ तापतो आणि नोव्हेंबरातही चटके बसतात. तुंगभद्रेत हरिगोल म्हणजे गोल टोपलीच्या होड्या चालतात. नदी फुगलेली असेल तर बंद ठेवतात.)

शनिवार: सोंडूर, इरकल, घर

परतीच्या दिवशी तासाभराची वाकडी वाट करून सोंडूरला गेलो. घोरपड्यांचं जुनं संस्थान. वर कुमारस्वामीचं देऊळ, आणि सगळीकडे लोखंडाच्या खाणी. झाडांची पानं, ट्रकचे टप, चहाच्या टपरीचा पत्रा, सगळं तांबडं. रस्ता कापलेल्या जागी मामांना हवा तो दगड सापडला. करड्या आणि तांबड्या पट्ट्यांचा, एकाआड एक, काही तर नखाएवढ्या जाडीचे. उचलला तर अपेक्षेपेक्षा कितीतरी जड. त्या काळच्या समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या प्राणवायूनं ते गंजून तळाशी बसलं, मध्ये सिलिकाचा थर, पुन्हा लोखंड. नंतर तेही गाडलं गेलं, चेपलं गेलं. म्हणजे गाळाचा दगड, रूपांतरित झालेला. लेकीनं विचारलं, परीक्षेत कुठल्या रकान्यात लिहू? मामा म्हणाले, बाईंना विचार.

इरकलला दोन कामं. सासूबाईंना लुगडं घ्यायचं होतं, आणि मामांना गुलाबी ग्रॅनाइटच्या पॉलिशचा कारखाना पाहायचा होता. लुगड्याला दीड तास लागला, कारखान्याला वीस मिनिटं. मालकानं कौतुकानं काळ्या ग्रॅनाइटच्या लाद्या दाखवल्या. मामांनी भिंग लावलं, माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हा ग्रॅनाइट नव्हेच. डोलेराइट, आपल्या काळ्या कातळाचा भाऊबंद." बाजारात काळं, झिलई घेणारं सगळंच ग्रॅनाइट म्हणून विकलं जातं. आमच्या नव्या ओट्याचं आता काय करायचं, असं ह्यांनी विचारलं. मामा म्हणाले, काही करू नका, लिंबू पिळलं तरी डाग पडणार नाही.

हुनगुंदच्या पुढे जेवलो, विजापूरच्या बाहेरून निघालो, आणि सोलापूरला चहा घेऊन रात्री उशिरा पुण्यात. गाडीच्या डिकीत करदंटाचा रिकामा डबा, दह्याचं एक मडकं आणि मामांचे साडेसहा किलो दगड. सगळे रस्त्याकडेचे, एकही देवळाजवळचा नाही.